सर्व्हर घरीच हवा? एका रूढ मताचे खंडन

संगणकावर विमान उडवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींत एक मत इतके खोल रुजले आहे की त्याला आता कुणी पुरावाही मागत नाही. मत असे: चार मित्रांनी मिळून एकाच आकाशात उडायचे असेल, तर त्यासाठीचा स्वतंत्र सर्व्हर आपल्या घरी, आपल्या यंत्रावर, आपल्या डोळ्यांसमोर असावा. क्लाउडवर भाड्याचे यंत्र घेऊन सर्व्हर चालवणे हा संथ, महाग आणि परावलंबी मार्ग आहे. तो कंपन्यांना शोभतो, हौशी माणसाला नाही. हे मत मांडणारे बहुतेक जण अनुभवी आहेत. नवख्यांना हाताशी धरून लँडिंग शिकवणारे तेच आहेत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखूनही स्पष्ट म्हणावे लागते की हे मत चुकीचे आहे. ते निरुपद्रवीही नाही. त्यापायी ठरलेली उड्डाणे ऐन वेळी फिसकटतात, गट विस्कटतात, आणि दोष मात्र सिम्युलेटरच्या माथी मारला जातो.

आधी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडू. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात काही मोठेपणा नाही.

पूर्वपक्ष पाच मुद्द्यांवर उभा आहे. पहिला वेगाचा: जेट विमान सेकंदाला अडीचशे मीटर कापते, तिथे मिलिसेकंदांचा हिशेब असतो, आणि क्लाउडवरचे यंत्र कुठेतरी लांब असल्याने उशीर वाढणारच. दुसरा ताकदीचा: खेळासाठी जोडलेल्या घरच्या यंत्राचा प्रोसेसर चार-पाच गिगाहर्ट्झवर धावतो, क्लाउडवर वाट्याला येतो तो अनेकांत विभागलेला मंद कोर. तिसरा खर्चाचा: घरचे यंत्र एकदा घेतले की घेतले, क्लाउडचे मीटर रात्रंदिवस पळते आणि महिनाअखेरीस बिल पाहून डोळे पांढरे होतात. चौथा ताब्याचा: परक्याच्या यंत्रावर उद्या दर वाढले, खाते गोठवले, सेवा बंद झाली, तर दाद कुणाकडे मागायची? पाचवा सोपेपणाचा: घरच्या राउटरवर एक पोर्ट उघडले की काम झाले, रीजन, फायरवॉल, डिस्क आणि आयपीचे जंजाळ हवे कशाला?

यातला एकही मुद्दा हवेतून काढलेला नाही. प्रत्येकात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तर हे मत टिकून आहे. आता एकेकाची तपासणी करू आणि निकाल वाचकांवर सोडू.

त्याआधी एक गोष्ट निश्चित व्हायला हवी. सर्व्हर नेमके काय काम करतो? वादातला अर्धा गोंधळ या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरल्याने होतो. फ्लाइटगिअर हे मुक्त स्रोत सिम्युलेटर १९९७ पासून लोकांच्या हाती आहे. त्याचा मल्टिप्लेअर सर्व्हर, एफजीएमएस, पंखावरून वाहणाऱ्या हवेचे एकही समीकरण सोडवत नाही. विमानाचे सगळे गणित ज्याच्या त्याच्या यंत्रावर होते. प्रत्येक पायलटचे यंत्र, सहसा सेकंदाला दहा वेळा, एक छोटे पॅकेट सर्व्हरकडे धाडते. त्यात विमानाचे मॉडेल, वेळेची नोंद, पृथ्वीच्या संदर्भातली जागा, विमानाचा कल, सरळ रेषेतला वेग, फिरण्याचा वेग आणि या दोन्ही वेगांचे त्वरण असते. सर्व्हर ते पॅकेट घेतो, मूळ मांडणीनुसार शंभर सागरी मैलांच्या आत असणाऱ्या इतरांना वाटतो आणि मोकळा होतो.

डीसीएस वर्ल्ड हे लढाऊ विमानांचे सिम्युलेटर दुसऱ्या टोकाचे उदाहरण. तिथेही खेळाडूच्या विमानाचे गणित त्याच्याच यंत्रावर होते. पण संगणकाने चालवायची विमाने, जमिनीवरचे रणगाडे, विमानविरोधी तोफा आणि मोहिमेच्या लुआ स्क्रिप्ट यांचा भार सर्व्हरवर पडतो. ईगल डायनॅमिक्सने २०१९ साली त्याची स्वतंत्र सर्व्हर आवृत्ती दिली. ती चित्र रेखाटतच नाही, त्यामुळे तिला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. तिला लागतो वेगवान कोर आणि भरपूर मेमरी. ही दोन टोके ध्यानात ठेवू. एक सर्व्हर जवळजवळ काहीच मोजत नाही, दुसरा बरेच मोजतो. दोघांना एकच नियम लावणारे मत आधीच संशयास्पद ठरते.

आता पहिला मुद्दा, वेगाचा. प्रकाशीय तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद. मुंबई ते न्यू यॉर्क हे अंतर सरळ मोजले तरी साडेबारा हजार किलोमीटर आहे. तिथे जाऊन यायला किमान १२५ मिलिसेकंद लागणार, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात बरेच अधिक. न्यू जर्सीत राहणारा आपला मित्र आणि पुण्यातले आपण यांच्यामधला समुद्र सर्व्हर घरी ठेवल्याने आटत नाही. आणि क्लाउड 'लांब' म्हणजे किती लांब? मायक्रोसॉफ्टच्या अझूरचे सेंट्रल इंडिया रीजन २०१५ पासून पुण्यात आहे. ॲमेझॉनचे मुंबई रीजन २०१६ चे, गुगलचे २०१७ चे. पुण्यातल्या माणसाला क्लाउड लांब आहे असे म्हणताच येत नाही. तो त्याच्याच शहरात आहे.

घर म्हणजे जवळ, असे पूर्वपक्ष धरून चालतो. कुणाला जवळ? फक्त यजमानाला. नागपुरातल्या एका घरी सर्व्हर आहे आणि दुसरा पायलटही नागपुरातच, पण वेगळ्या कंपनीच्या जोडणीवर आहे, असे समजा. देशातली रहदारी देशातच एकमेकांना मिळावी म्हणून २००३ साली निक्सी ही संस्था स्थापन झाली. पण कंपन्यांची मोठी देवाणघेवाण आजही प्रामुख्याने मुंबई, दिल्ली, चेन्नई अशा महानगरांत होते. त्यामुळे एकाच गावातल्या दोन घरांमधले पॅकेटही अनेकदा मुंबईला जाऊन येते. ते मुंबईला जाणारच असेल, तर सर्व्हर मुंबईत असण्याने कुणाचे काय बिघडले? उलट मुंबईपासून यजमानाच्या घरापर्यंतची वाट, त्याच्या राउटरसकट, सगळ्यांच्या प्रवासातून वजा झाली. एसटीचा डेपो कुणाच्या वाड्यात बांधत नाहीत. जिथे रस्ते मिळतात तिथे बांधतात.

तरीही कुणी म्हणेल की उशीर तो उशीरच. तर मग उशिराने नेमके काय होते तेही मोजू. सेकंदाला २५० मीटर वेगाने जाणारे विमान १०० मिलिसेकंदांत २५ मीटर पुढे सरकते. पूर्वपक्ष इथे थांबतो आणि भीती घालतो. पण वर सांगितलेले पॅकेट आठवा. त्यात जागेबरोबर वेग आणि त्वरणही असते. पॅकेट मिळालेले यंत्र त्यावरून हिशेब करून विमान जिथे आता असेल तिथे दाखवते. या रीतीला डेड रेकनिंग म्हणतात. अमेरिकेच्या दार्पा संस्थेने १९८० च्या दशकात उभारलेल्या सिमनेट या लष्करी सराव-जाळ्याचा ती कणा होती, आणि १९९३ साली आयईईई १२७८ या मानकातही तिला स्थान मिळाले. एअर वॉरिअर हा खेळ तर त्याच सुमारास टेलिफोनच्या मोडेमवरून कितीतरी लोकांना एकाच आकाशात लढवत होता. आजच्या घरगुती फायबरपुढे तो मोडेम काय होता?

हिशेब पुढे नेऊ. अंदाज बांधल्यावर चूक उरते ती त्या १०० मिलिसेकंदांत पायलटने नव्याने दिलेल्या त्वरणापुरती. समजा त्याने अचानक दोन जी इतके झुकते वळण घेतले. म्हणजे त्वरण दर सेकंदाला सुमारे २० मीटर प्रति सेकंद. चुकीचे सूत्र शाळेतलेच आहे: अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. अर्धा गुणिले २० गुणिले ०.०१. उत्तर: १० सेंटिमीटर. उशीर दुप्पट, म्हणजे २०० मिलिसेकंद झाला तरी ४० सेंटिमीटर. २५ मीटर कुठे आणि १० सेंटिमीटर कुठे! विमानाला वस्तुमान असते, ते एका क्षणात दिशा बदलू शकत नाही, म्हणून ही रीत चालते. गोळीबाराच्या खेळातला नियम उचलून विमानाला लावणे हीच मूळ चूक आहे.

मग आकाश थरथरते कशाने? उशिरातल्या चढउतारांनी. एक पॅकेट २० मिलिसेकंदांत आले, पुढचे ८० मध्ये, त्यापुढचे पुन्हा २० मध्ये, तर अंदाजाचा कालपायाच हलतो. त्याच वेगाने ६० मिलिसेकंद म्हणजे १५ मीटर. शेजारचे विमान पुढे झेपावते, मागे खेचले जाते. सिमवाले याला रबर-बँडिंग म्हणतात. हे चढउतार बहुधा घरात जन्मतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या अखेरीस ज्याला बफरब्लोट हे नाव दिले, तो हाच विकार. राउटरमधली रांग भरते आणि पॅकेटे तिच्यात खोळंबतात. यजमान फॉर्मेशनमध्ये उडतो आहे आणि आतल्या खोलीत कुणीतरी लग्नाचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला घेतले आहेत. एवढे पुरे आहे. आता न्यायबुद्धीने पाहा. एखाद्या पायलटच्या घरी असे झाले तर त्याचे एकट्याचे विमान थरथरते. यजमानाच्या घरी झाले तर सगळ्यांचीच विमाने थरथरतात. डेटा सेंटरमधल्या जोडणीवर कुणाच्या लग्नाचे व्हिडिओ खोळंबा करत नाहीत.

वेगाचा मुद्दा इथे संपतो. तो पूर्वपक्षाच्याच विरुद्ध साक्ष देतो.

दुसरा मुद्दा ताकदीचा. यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. क्लाउडवर ज्याला एक आभासी कोर म्हणून विकतात तो इंटेलच्या यंत्रांवर सहसा खऱ्या कोराचा एक धागा असतो, म्हणजे अर्धाच वाटा. त्याचा वेगही खेळाच्या यंत्राइतका नसतो. पण प्रश्न असा: काम किती आहे? फ्लाइटगिअरवर बारा जण उडत असतील तर सर्व्हरकडे सेकंदाला १२० पॅकेटे येतात आणि प्रत्येक पॅकेट उरलेल्या अकरा जणांना द्यायचे म्हणून १,३२० बाहेर पडतात. भाड्याने मिळणाऱ्या सगळ्यात लहान यंत्रालाही हे काम किरकोळ आहे. इथे पाच गिगाहर्ट्झचा अभिमान बाळगून मिळणार काय?

डीसीएसचे तसे नाही. तिथे मोहिमेचे मुख्य गणित एकाच धाग्यावर साचते आणि वेगवान कोर खरोखरच लागतो. पण क्लाउडला नावे ठेवणारे बहुतेक जण ज्या अनुभवावर बोलतात, तो चुकीच्या यंत्राचा असतो. ते स्वस्त म्हणून 'बर्स्टेबल' जातीचे यंत्र घेतात. ॲमेझॉनच्या टी मालिकेतली आणि अझूरच्या बी मालिकेतली यंत्रे या जातीची. त्यांचा कोर पूर्ण वेगाने धावतो तो साठवलेल्या क्रेडिटवर. क्रेडिट संपले की बी मालिकेत तो पायाभूत वेगावर येतो, आणि टी मालिकेत मांडणीप्रमाणे एक तर मंदावतो किंवा जादा भाडे लावतो. म्हणून पहिला तास सुरेख जातो आणि ऐन लढाईत सर्व्हर धापा टाकू लागतो. याचा दोष क्लाउडचा की निवडीचा? गणनेसाठीच बांधलेली, चार गिगाहर्ट्झच्या आसपास धावणारी यंत्रेही भाड्याने मिळतात. चार तासांच्या मोहिमेला ती पुरतात. आणि आठ कोर घेऊनही एकाच धाग्यावरचा भार हलका होत नाही, हे घरच्या यंत्रालाही तितकेच लागू आहे.

शिवाय पूर्वपक्ष इथे उभयतोपाशात सापडतो. यजमानाकडे एकच यंत्र असेल तर त्यावर सर्व्हरही चालणार आणि त्याचे स्वतःचे सिम्युलेटरही. दोघे एकाच मेमरीसाठी आणि प्रोसेसरसाठी झगडणार. दोन यंत्रे असतील तर 'एकदा घेतले की घेतले' हा खर्चाचा युक्तिवाद दुप्पट महाग होतो. दोन्हीपैकी कोणती बाजू पूर्वपक्ष पत्करणार?

तिसरा मुद्दा खर्चाचा, आणि बहुतेकांची मने इथेच बनतात. म्हणून आकडे शांतपणे पाहू. वर्षाचे तास बारांत वाटले तर महिन्याला ७३० होतात. गट दर शनिवारी रात्री चार तास उडतो, असे धरा. महिन्याला सरासरी १७ तास. ७३० पैकी १७ म्हणजे अडीच टक्क्यांहून कमी. क्लाउडचे भाडे तासावर किंवा सेकंदावर लागते. विंडोज चालवणाऱ्या, डीसीएसला पेलणाऱ्या यंत्राचे भाडे तासाला ८० रुपये धरू. महिनाभर अखंड चालू ठेवले तर ५८,४०० रुपये. उडतानाच चालू ठेवले तर १,३६०. डोळे पांढरे करणारा आकडा पहिला आहे. पूर्वपक्ष तोच दाखवतो आणि दुसरा झाकतो. रिकाम्या आकाशासाठी सर्व्हर चालू ठेवण्याची सक्ती कुणी केली आहे?

घरच्या यंत्राचेही मीटर असते. ते भिंतीवर असते, इतकेच. शंभर वॅट खाणारे यंत्र अहोरात्र चालू ठेवले तर महिन्याला ७२ युनिट होतात, आणि घरगुती दरात युनिटे वाढली की वरच्या टप्प्याचा दर लागतो. त्यात इन्व्हर्टर किंवा यूपीएस, त्याची बॅटरी, आणि गरज पडल्यास इंटरनेट कंपनीकडून स्थिर आयपीचे मासिक शुल्क मिळवा. 'फुकट' म्हणवणाऱ्या सर्व्हरची ही खरी किंमत. ती यजमान एकटा सोसतो, म्हणून गटाला दिसत नाही. क्लाउडचे बिल दिसते, म्हणून बारा जणांत वाटूनही घेता येते. कोणता व्यवहार अधिक न्याय्य?

बाहेर जाणाऱ्या डेटाचे शुल्क हा पूर्वपक्षाचा आवडता बागुलबुवा. तोही मोजू. फ्लाइटगिअरचे बारा पायलट, सेकंदाला १,३२० पॅकेटे, प्रत्येक पॅकेट एक किलोबाइट धरले तर सेकंदाला १.३ मेगाबाइट. चार तासांत १९ गिगाबाइट, महिन्याच्या १७ तासांत सुमारे ८० गिगाबाइट. ॲमेझॉन महिन्याला पहिले १०० गिगाबाइट बाहेर जाऊ देण्याचे पैसेच घेत नाही. आणि हा हिशेब बाराही जण सतत एकमेकांच्या शंभर मैलांत आहेत असे धरून केलेला आहे. खबरदारी एका गोष्टीची हवी: पायलट दुप्पट झाले की ही वाहतूक जवळपास चौपट होते. पण हा नियम घरच्या अपलोडलाही चुकत नाही, आणि तिथे वरची मर्यादा ठरलेली असते.

चौथा मुद्दा ताब्याचा. भावनेने हा सगळ्यात जवळचा, म्हणून तो अधिक काळजीने तपासायला हवा. परावलंबन वाईट, हे शंभर टक्के मान्य. पण परावलंबन कशात असते? गेमस्पाय ही सेवा ३१ मे २०१४ रोजी बंद झाली आणि तिच्या आधाराने चालणारे कितीतरी खेळ एका दिवसात एकाकी झाले. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्सचे मल्टिप्लेअरही गेमस्पायवरच होते. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या स्टीम आवृत्तीला नवी सोय शोधावी लागली. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तर स्वतःचा स्वतंत्र सर्व्हर चालवण्याची सोयच नाही. कंपनीचे सर्व्हर हेच आकाश. परावलंबन पाहायचे तर ते इथे आहे.

भाड्याच्या यंत्रावर एफजीएमएस चालवणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि सर्व्हरची सगळी ओळख एका छोट्या मजकूर-फाइलीत मावते: सर्व्हरचे नाव, पोर्ट ५०००, शंभर मैलांचा परीघ, किती सेकंद गप्प राहिलेल्या पायलटला वगळायचे, आणि कोणत्या जोडसर्व्हरला पॅकेटे पुढे द्यायची. ही फाइल आणि चार ओळींची स्क्रिप्ट हातात असेल तर पुण्यातला सर्व्हर तासाभरात मुंबईला हलवता येतो, एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो. दर वाढले? उठून दुसरीकडे जा. फ्लाइटगिअरचे सार्वजनिक जाळेही स्वयंसेवकांनी ठिकठिकाणी चालवलेल्या आणि एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांवरच वर्षानुवर्षे उभे आहे. ताबा असतो तो सॉफ्टवेअरवर आणि मांडणीवर. पेटी कुणाच्या टेबलाखाली आहे याने तो ठरत नाही.

उलट घरच्या सर्व्हरवर ताबा कुणाचा? गटाचा नव्हे, एका माणसाचा. त्याची बदली झाली, परीक्षा आली, तो गावाला गेला, की सगळ्यांचे आकाश बंद. हे परावलंबन पूर्वपक्षाच्या हिशेबात येतच नाही. त्यात आणखी एक धोका. घरचा सर्व्हर म्हणजे घराचा आयपी पत्ता प्रत्येक जोडणाऱ्याला जाहीर करणे. लढाईत हरलेल्या एखाद्या उपद्व्यापी माणसाने त्या पत्त्यावर पॅकेटांचा मारा केला, तर सर्व्हर तर पडतोच, घरातल्या मुलीचा ऑनलाइन वर्गही बंद पडतो. हौसेची किंमत घराने का मोजावी?

पाचवा मुद्दा सोपेपणाचा. 'राउटरवर पोर्ट उघडा आणि झाले.' हे वाक्य एके काळी खरे होते. आजच्या भारतात ते अनेक घरांत लागूच पडत नाही. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आल्याने पुष्कळ इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये पत्त्यांचा एक वेगळा पट्टा राखून ठेवण्यात आला: १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत. वाचकांनी स्वतः तपासावे. आपल्या राउटरचे स्टेटसचे पान उघडा आणि वॅन या नोंदीपुढचा पत्ता वाचा. तो या पट्ट्यातला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर राउटरवर हवी तितकी पोर्टे उघडा. बाहेरचा पायलट आत येऊ शकणार नाही. कारण खरा दरवाजा कंपनीकडे आहे आणि त्याची किल्ली आपल्याकडे नाही. मग सुरू होतात कस्टमर केअरला फोन, स्थिर आयपीचा अर्ज, किंवा मधल्या बोगद्याचे सॉफ्टवेअर. यालाच सोपे म्हणायचे? क्लाउडवरच्या यंत्राला सार्वजनिक पत्ता मागितल्याबरोबर मिळतो. फायरवॉलमध्ये एक नियम लिहायचा, यूडीपी ५००० आत येऊ द्या, आणि सोलापूरपासून सिडनीपर्यंत कुणीही जोडू शकतो.

आणि लाइट? महाराष्ट्रातल्या किती तालुक्यांत पावसाळ्याच्या रात्री सलग चार तास वीज टिकेल अशी हमी देता येईल? पायलटची वीज गेली तर एक विमान कमी होते. सर्व्हरची गेली तर मोहीम संपते.

आता पूर्वपक्षाला त्याचे न्याय्य स्थान देऊ. दोन प्रसंगी तो बरोबर आहे. एखाद्या शाळेच्या किंवा क्लबच्या एकाच दालनात सगळी यंत्रे एका स्विचला जोडलेली असतील, तर सर्व्हर त्याच दालनात हवा. पॅकेटाला इमारतीबाहेर पाठवण्याचे कारणच नाही. आणि डीसीएसचा पन्नास-साठ पायलटांचा, चोवीस तास चालणारा सर्व्हर असेल, तर तासाच्या दराने क्लाउड खरोखर परवडत नाही. तिथे डेटा सेंटरमधले अख्खे यंत्र मासिक भाड्याने घेणे शहाणपणाचे. पण ध्यानात घ्या: दुसऱ्या प्रसंगातही उत्तर घराबाहेरच आहे. पूर्वपक्षाच्या वाट्याला उरते ते एक दालन.

खंडन झाले, आता मंडन. क्लाउडवर सर्व्हर ठेवा म्हणणाऱ्याने तो नीट कसा ठेवायचा हेही सांगितले पाहिजे. रीजन नकाशा पाहून निवडू नये. गटातल्या प्रत्येकाने दोन-तीन रीजनना पिंग करावे, आणि सरासरीबरोबर चढउतारही नोंदवावेत. ज्या ठिकाणी सगळ्यात वाईट आकडा सगळ्यात कमी, ते ठिकाण घ्यावे. अर्धा गट आखातात आणि अर्धा महाराष्ट्रात असेल तर मुंबई आणि दुबई दोन्ही तपासावेत. फायरवॉलमध्ये लागतील तेवढीच पोर्टे उघडावीत: फ्लाइटगिअरला यूडीपी ५०००, डीसीएसला १०३०८, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. डीसीएसच्या नियंत्रण-पानाचे ८०८८ आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ ही पोर्टे जगाला उघडी ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. ती फक्त चालकाच्या पत्त्यापुरती असावीत. यंत्र ठरल्या वेळी आपोआप बंद होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. अझूरवर आतून विंडोज बंद केले म्हणून भाडे थांबत नाही. यंत्र पोर्टलवरून डीॲलोकेट करावे लागते. यंत्र बंद असले तरी डिस्कचे आणि राखून ठेवलेल्या स्थिर आयपीचे थोडे भाडे चालूच राहते. खर्चाचा इशारा जरूर लावावा, पण तो फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही, हे विसरू नये. शेवटचे आणि सगळ्यात महत्त्वाचे: यंत्र सुरू-बंद करण्याचा अधिकार किमान दोघांकडे असावा.

एवढी शिस्त पाळली तर काय हाती लागते? सोलापूरची विद्यार्थिनी, मस्कतमधला इंजिनिअर आणि नागपूरचे निवृत्त शिक्षक ठरल्या वेळी एकाच धावपट्टीवर उभे राहू शकतात, एकामागून एक सह्याद्री ओलांडू शकतात, आणि त्यातल्या कुणालाही दुसऱ्याच्या घरच्या राउटरची, विजेची किंवा सवडीची वाट पाहावी लागत नाही. सोबतीने उडणे ही या छंदाची सगळ्यात मोठी देणगी आहे. ती एका माणसाच्या टेबलाखाली बंदिस्त ठेवणे अन्यायाचे आहे.

निकाल वाचकांचा आहे, पण तो ऐकीव मतावर देऊ नये. एक शनिवार घरच्या सर्व्हरवर उडा, एक जवळच्या रीजनमधल्या क्लाउडवर. दोन्ही रात्री प्रत्येकाने पिंगचे चढउतार लिहून ठेवावेत, यजमानाने विजेचा आणि भाड्याचा खर्च लिहावा, आणि किती जणांना पहिल्याच प्रयत्नात जोडता आले तेही नोंदवावे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावे. ज्यांना घरचाच सर्व्हर श्रेष्ठ वाटतो, त्यांनी आपला कागद जरूर पुढे आणावा. 'आम्ही पहिल्यापासून असेच करतो' हा मात्र पुरावा नव्हे.